प्रत्येक गुडघ्याला बाहेरचा टेकू कशाला?

गुडघा मुरगळला, सुजला, ‘एमआरआय’मध्ये एसीएल तुटलेलं दिसलं, की हल्ली खेळाडू आणि त्यांचे आईवडील सर्जनच्या समोर एक जादा प्रश्न घेऊनच बसतात: आतलं लिगामेंट तर कराल, पण बाहेरचंही करणार ना? इंटरनेटवर पाहिलेलं असतं, टीममधल्या कुणाचं तरी तसं झालेलं असतं. सर्जनांच्या परिषदांतही वारं त्याच दिशेने वाहतं आहे. मत थोडक्यात असं: गुडघ्याच्या मधोमध असलेला पुढचा अस्थिबंध, म्हणजे एसीएल, नव्याने बांधला तरी गिरकीचा ताण त्याला एकट्याला पेलत नाही. तेव्हा गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला आणखी एक पट्टी बांधून द्यावी. नुसतं आतलं करून सोडणं म्हणजे अर्धं काम. या बाहेरच्या बांधणीला थिएटरात ‘एलईटी’ म्हणतात.

तंत्र चांगलं आहे. काही गुडघ्यांत ते न करणं मी चूक समजेन. माझा विरोध आहे तो सरसकटपणाला. आणि हा सरसकटपणा शास्त्रातून आला आहे, असं जे भासवलं जातं, त्याला.

आधी ते असतं काय, ते पाहू. मांडीच्या बाहेरच्या अंगाने नितंबापासून गुडघ्याखालपर्यंत एक जाड, चिवट पट्टा उतरतो. त्याला आयटी बँड म्हणतात. त्यातून साधारण एक सेंटिमीटर रुंद आणि आठ सेंटिमीटर लांब पट्टी सोडवायची. तिचं खालचं टोक नडगीच्या हाडाला निसर्गाने जसं जोडलेलं आहे तसंच राहू द्यायचं. वरचं मोकळं टोक गुडघ्याच्या बाहेरच्या अस्थिबंधाखालून ओवून मांडीच्या हाडावर स्टेपलने किंवा तशाच एखाद्या साधनाने पक्कं करायचं. एवढंच. एसीएल तुटलेला माणूस पाय रोवून वळतो तेव्हा नडगीचं हाड पुढे सरकतं आणि त्याच वेळी आतल्या बाजूला फिरतं. यालाच आपण गुडघा निसटला म्हणतो. हे फिरणं अडवायला मधोमध असलेल्या दोरीपेक्षा कडेची दोरी सोयीची, कारण फिरण्याच्या आसापासून ती लांब आहे. दार बिजागरीजवळ धरून थोपवायला जोर लागतो, कडेला एक बोटही पुरतं, तसंच हे.

आता पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीने मांडला पाहिजे; दुबळा करून पाडण्यात अर्थ नाही. त्याच्या बाजूला तीन गोष्टी आहेत. पहिली शरीररचनेची: गुडघ्याच्या पुढच्या-बाहेरच्या कोपऱ्यात गिरकी अडवणाऱ्या रचना खरोखरच आहेत, आणि एसीएल तुटताना त्यांनाही अनेकदा इजा होते. दुसरी यांत्रिकीची, ती वर आलीच. तिसरी सगळ्यात वजनदार: २०२० साली प्रसिद्ध झालेली ‘स्टॅबिलिटी’ नावाची चाचणी. कॅनडा आणि युरोपातल्या नऊ केंद्रांत ६१८ तरुण रुग्णांना चिठ्ठी टाकावी तसं दोन गटांत वाटलं. एका गटाचं नुसतं एसीएल केलं, दुसऱ्याचं एसीएल आणि एलईटी. दोन वर्षांत नवी दोरी पुन्हा तुटण्याचं प्रमाण पहिल्या गटात ११ टक्के, दुसऱ्यात ४ टक्के. शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात इतकी नेटकी, इतकी मोठी चाचणी क्वचित होते. जो म्हणतो की हा निव्वळ फॅशनचा प्रकार आहे, त्याने ही चाचणी वाचलेली नाही.

पण आधी इतिहास. या तंत्राचं सध्याचं तेज त्याच्या नवेपणाच्या समजुतीवर पोसलं आहे, आणि ती समजूत खोटी आहे.

२०१३ साली बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या शल्यविशारदांनी ‘जर्नल ऑफ अ‍ॅनॅटमी’त एक निबंध छापला. त्यांनी ४१ मृत गुडघ्यांचं विच्छेदन केलं आणि त्यातल्या ४० गुडघ्यांत बाहेरच्या अंगाला एक स्पष्ट अस्थिबंध सापडल्याचं सांगितलं. जगभरच्या वर्तमानपत्रांनी बातमी दिली: माणसाच्या गुडघ्यात नवा अवयव सापडला! निबंध लिहिणाऱ्यांनी स्वतः जुन्या वर्णनाचा आधार दिला होता, पण मथळ्यांना तेवढा दम कुठला. हे वर्णन होतं १८७९ सालचं. पॅरिसचा शल्यविशारद पॉल सेगाँ याने मृत गुडघे जोराने पिळून पाहिले, आणि बाहेरच्या कडेला एक मोत्यासारखा चमकणारा तंतुमय पट्टा ताणला जातो, इतका की कधी हाडाचा छोटा कपचा घेऊनच उपटतो, हे नोंदवलं. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा १६ वर्षं बाकी होती. आजही एक्स-रेवर तो कपचा दिसला की डॉक्टर सेगाँचं नाव घेतात आणि एसीएल तुटलं असणार हे बहुतेक गृहीतच धरतात. म्हणजे ज्याला २०१३ मध्ये ‘सापडलं’ म्हटलं गेलं, ते उपटल्याने होणारं फ्रॅक्चर अस्थिरोगाच्या विद्यार्थ्याला पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ होतं. त्या अस्थिबंधाला स्वतंत्र अस्तित्व आहे की तो नुसता संधिकोशाचा जाड झालेला भाग आहे, यावर पुढे बरीच हातघाई झाली. तिच्यात पडण्याचं इथे कारण नाही.

शस्त्रक्रियाही नवी नाही. ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्जने १९१७ मध्येच याच आयटी बँडचा तुकडा वापरून एसीएल बनवलं होतं. बाहेरच्या बाहेर पट्टी बांधण्याची पद्धत फ्रान्समध्ये मार्सेल लमेअरने १९६७ मध्ये मांडली. आजची एलईटी बहुतेक तिचीच सुधारलेली आवृत्ती आहे. टोरांटोत मॅकिन्टॉशने स्वतःची तऱ्हा काढली. १९७२ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘पिव्हट शिफ्ट’ ही चाचणी वर्णन केली, जिच्यात सर्जन रुग्णाचा पाय हातात घेऊन तो निसटण्याचा क्षण मुद्दाम घडवून आणतो. सत्तरच्या दशकात या बाहेरच्या पट्ट्यांचं जणू पीकच आलं. पण त्या काळात आतलं एसीएल न बांधता नुसती बाहेरची पट्टी बांधत. एकट्या पट्टीवर सगळा भार, त्यात पाय बाहेर वळवून घट्ट ताणून बांधायचा आणि आठवडेच्या आठवडे प्लॅस्टरमध्ये ठेवायचा. पट्टी कालांतराने सैल पडे, गुडघा आखडे. गुडघ्यातली फाटलेली गादी, म्हणजे मेनिस्कस, शिवण्याऐवजी काढून टाकण्याचा तो जमाना, त्यामुळे झीजही लवकर होई. मग सांध्याच्या आत पाहणारी दुर्बीण आली, आतली बांधणी सुधारली, आणि १९८९ मध्ये अमेरिकेतल्या क्रीडा-शल्यविशारदांच्या संघटनेने कोलोरॅडोतल्या स्नोमास इथल्या बैठकीत बाहेरच्या पट्टीला जवळजवळ निरोपच दिला. फ्रान्स आणि इटलीतल्या काही मंडळींनी तो जुमानला नाही. बोलोन्यातली रिझोली संस्था आतलं-बाहेरचं एकत्र करत राहिली आणि आपल्या रुग्णांना दोन दशकांहून अधिक काळ तपासत राहिली.

१९८९चा निरोप भक्कम पुराव्यावर उभा नव्हता. ज्या वाईट निकालांवरून तो दिला गेला, त्यांत प्लॅस्टरचा वाटा किती, कापलेल्या गादीचा किती आणि पट्टीचा किती, हे कुणी वेगळं करून पाहिलं नव्हतं. तेव्हा ‘कुणालाही नको’ असं ठरलं. आता ‘सगळ्यांना हवं’ असं ठरू पाहत आहे. कुणासाठी, हा प्रश्न दोन्ही वेळी अर्धवटच विचारला गेला.

‘स्टॅबिलिटी’ चाचणीत मात्र तो विचारला होता, आणि पूर्वपक्षाचं सगळ्यात मोठं शस्त्र तिथेच बोथट होतं. त्या चाचणीत कोणताही गुडघा घेतलेला नव्हता. वय १४ ते २५. शिवाय तीनपैकी किमान दोन लक्षणं हवीत: पिव्हट शिफ्टमध्ये गुडघा ठळकपणे निसटणं, वळणं-गिरक्यांच्या खेळात परतण्याची इच्छा, आणि सगळ्या अंगातले सांधेच जन्मतः सैल असणं. म्हणजे दोरी पुन्हा तुटण्याचा धोका ज्यांना सर्वांत जास्त, त्यांनाच निवडून घेतलं. संशोधकांनी हे लपवलं नाही, उलट पहिल्याच पानावर सांगितलं. निष्कर्ष मात्र निबंधातून बाहेर पडला आणि वाटेत ‘१४ ते २५’ हे शब्द गळाले. स्कूटरवरून पडलेल्या चाळिशीतल्या बँक कर्मचाऱ्याच्या गुडघ्यावर आता तोच निष्कर्ष लावला जातो.

आकड्यांचा हिशेब करून पाहा. ११ आणि ४ मधलं अंतर ७. म्हणजे या अतिधोक्याच्या गटातसुद्धा साधारण चौदा जणांना बाहेरची पट्टी बांधावी, तेव्हा दोन वर्षांत एकाची दोरी वाचते. उरलेल्या तेरा जणांना तिचा त्या बाबतीत उपयोग नसतो, एक तर त्यांची तुटणारच नसते किंवा तरीही तुटते. विशीच्या खेळाडूसाठी हा सौदा मला पटतो. पण समजा, एखाद्या मध्यमवयीन, गिरकीचे खेळ न खेळणाऱ्या गटात पुन्हा तुटण्याचा मूळ धोका शंभरात तीनच असेल. पट्टीने तो त्याच पटीत घटतो असं मान्य केलं, तरी एक दोरी वाचवायला पन्नासेक गुडघ्यांच्या बाहेरच्या अंगाला चीर द्यावी लागेल. टक्केवारीतली घट दोन्हीकडे सारखीच दिसते. जाहिरातीत तीच छापली जाते.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. त्या चाचणीचा मुख्य निकाल नुसता दोरी तुटण्याचा नव्हता. ‘अपयश’ या सदरात दोरी तुटणं आणि तपासणीत गुडघा निसटता राहणं, दोन्ही धरलं होतं. तसं मोजल्यावर अपयश एका गटात ४० टक्के, दुसऱ्यात २५. या आकड्यांतला मोठा भाग तपासणाऱ्याच्या हाताला काय जाणवलं, त्याचा आहे. रुग्णांना स्वतःला विचारलं तेव्हा दुखणं, हालचाल, खेळ, रोजचं जगणं या बाबतींत दोन वर्षांअंती दोन्ही गटांत नाव घेण्यासारखा फरक नव्हता. पहिल्या तीन महिन्यांत तर नुसतं एसीएल केलेल्यांचं दुखणं कमी होतं आणि पाय जास्त चालत होता.

त्यात पिव्हट शिफ्ट या चाचणीची स्वतःची एक गंमत आहे. गुडघा वाकवत नेताना ठरावीक कोनात पुढे सरकलेलं हाड खाडकन जागेवर येतं, आणि ते जागेवर खेचणारा पट्टा म्हणजे आपला आयटी बँडच. ज्या पट्ट्याच्या हालचालीवर चाचणी उभी आहे, त्याचीच पट्टी कापून आपण ती मांडीच्या हाडाला खिळवली. मग चाचणीचा निकाल सुधारला, हे ऐकून किती हुरळून जायचं? दोरी कमी तुटली, या निष्कर्षाला मात्र हा आक्षेप लागत नाही. तो खरा आहे आणि खराच राहतो.

तिसरं. त्या चाचणीत सगळ्यांची नवी दोरी हॅमस्ट्रिंगची, म्हणजे मांडीमागच्या कंडरांची होती. तरुण खेळाडूंत ही दोरी वाटीखालच्या कंडरेच्या दोरीपेक्षा जास्त तुटते, असं इतर अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मग बाहेरच्या पट्टीने गुडघ्याची जन्मजात उणीव भरून काढली, की सर्जनने निवडलेल्या दोरीची? वाटीखालची किंवा वाटीवरची कंडरा वापरली तर पट्टीचा फायदा एवढाच उरतो का, हे तपासायला त्याच मंडळींनी दुसरी चाचणी हाती घेतली आहे. ज्यांनी पहिला पुरावा दिला, त्यांनाच प्रश्न सुटला आहे असं वाटत नाही. त्यांच्या अनुयायांना मात्र वाटतं.

तंत्राच्या विरोधकांचाही एक लाडका युक्तिवाद आहे, आणि तोही मला मान्य नाही. ते म्हणतात, बाहेरून बांधलेला गुडघा आवळला जातो, बाहेरच्या कप्प्यात दाब वाढतो आणि सांधा लवकर झिजतो. जुन्या, ताणून बांधलेल्या पट्ट्यांबद्दल ही भीती रास्त होती. आता पाय आत-बाहेर न वळवता, अगदी हलक्या ताणाने पट्टी बांधतात. आतलं-बाहेरचं एकत्र केलेल्या रुग्णांच्या दहाएक वर्षांपर्यंतच्या पाहणीत झीज वाढल्याचं दिसलेलं नाही, आणि रिझोलीच्या दीर्घ पाहणीतही झिजेचा संबंध पट्टीपेक्षा काढून टाकलेल्या गादीशी जास्त लागला. तेव्हा ‘गुडघा सडेल’ अशी धास्ती रुग्णाला घालणं बरोबर नाही. खरे तोटे याहून साधे आहेत: बाहेरच्या अंगाला आणखी एक चीर, स्टेपल टोचत राहिल्यास ते काढायला पुन्हा थिएटर, आणि सुरुवातीच्या महिन्यांत जास्त दुखणं. वाटीवरचा स्नायू जागवायचा असतो तो नेमका याच महिन्यांत.

आपल्याकडे आणखी एक प्रश्न उरतो. गुडघा खोलवर वाकतो तेव्हा नडगीचं हाड आपसूक आतल्या बाजूला वळतं. उकिडवं बसताना हे वळण लागतंच. बाहेरची पट्टी हेच वळण अडवण्यासाठी असते. हलक्या ताणाने बांधली तर रोजच्या बसण्या-उठण्याला बाधा येऊ नये, पण कॅनडातल्या एकोणीस वर्षांच्या फुटबॉलपटूच्या समाधानावरून पंगतीत मांडी घालून बसणाऱ्याचं किंवा शेतात उकिडवं बसून खुरपणी करणाऱ्या बाईचं समाधान गृहीत धरता येत नाही. सर्जनने हे विचारायला हवं. बहुतेक वेळा विचारलं जात नाही.

सरसकट टेकू देण्याचा सगळ्यात मोठा धोका मला वेगळाच वाटतो. दोरी पुन्हा का तुटते, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. हाडातला बोगदा चुकीच्या जागी पाडला तर दोरी तुटते. नडगीच्या हाडाचा माथा मागे जास्त कललेला असेल, बारा अंशांहून अधिक, तर प्रत्येक पावलाला हाड पुढे घसरायला बघतं आणि दोरीवर ताण येतो. गादीचं मागचं मूळ उपटलेलं असेल आणि दुर्बिणीतून तिथे नीट पाहिलंच नसेल, तर गुडघा दोरी घालूनही डळमळतो. बोगदा चुकला असेल तर बाहेरची पट्टी ती चूक काही काळ झाकते, सुधारत नाही. आणि सगळ्यात स्वस्त उपाय कॅलेंडरवर आहे. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या एका संयुक्त पाहणीत (२०१६) १०६ खेळाडूंचा मागोवा घेतला. खेळात परतणं नऊ महिन्यांपर्यंत पुढे ढकललं, तर ढकललेल्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण सुमारे निम्म्याने उतरत गेलं. ही चिठ्ठी टाकून केलेली चाचणी नव्हती, हे मान्य. तरी निम्म्याने! आपल्याकडे विमा ऑपरेशनचे पैसे देतो. सातव्या-आठव्या महिन्यातल्या फिजिओचे बहुधा देत नाही. जिल्ह्याच्या गावात उडी मारून उतरण्याची, वळण्याची चाचणी घेऊन ‘आता खेळ’ म्हणणारा फिजिओ शोधावा लागतो. स्टेपल मात्र सगळीकडे मिळतं.

मुळात आतली दोरी तरी प्रत्येकाला लागते का? स्वीडनमधल्या एका चाचणीत (२०१०) १२१ तरुण, हालते-फिरते रुग्ण होते. आधी व्यायाम, नाही जमलं तर ऑपरेशन, असं ज्या ५९ जणांना सांगितलं, त्यांतल्या २३ जणांनाच दोन वर्षांत ऑपरेशन लागलं, आणि गटागटांच्या निकालात फरक पडला नाही. ब्रिटनमधल्या २०२२च्या चाचणीत, जुन्या दुखापतीमुळे गुडघा सतत निसटणाऱ्या ३१६ जणांत, उलट दिसलं: त्यांना ऑपरेशननेच जास्त बरं वाटलं. दोन्ही निकाल खरे आहेत, कारण रुग्ण वेगळे होते. आतल्या दोरीबद्दलच माणूस पाहून निर्णय घ्यावा लागतो, तिथे बाहेरची पट्टी डोळे मिटून कशी बांधायची?

आता मंडन. विशीच्या आतला कबड्डीतला चढाईपटू घ्या. चढाईत गुडघा वाकलेला, पाय रोवलेला, घोट्याला कुणीतरी पकडलेलं आणि धड मध्यरेषेकडे वळलेलं. मातीवर पाय थोडा तरी घसरून सुटतो. मॅटवर बुटाचा तळ पकडून ठेवतो. त्या मुलाचा अंगठा आतल्या बाजूने वाकून मनगटाला टेकतो, कोपर उलटं वाकतं, उभ्याने वाकून तळवे जमिनीला टेकतात. भूल दिल्यावर पिव्हट शिफ्ट ठळक आहे. दोरी हॅमस्ट्रिंगची घालायची ठरली आहे. इथे बाहेरची पट्टी न बांधण्याचं कारण सर्जननेच द्यावं. ज्याची पहिली दोरी, नीट पाडलेल्या बोगद्यातूनसुद्धा, तुटली आहे आणि ज्याला परत खेळायचं आहे, त्याच्या दुसऱ्या ऑपरेशनातही मी हेच म्हणेन. उलट तिशी-चाळिशीचा, सांधे घट्ट असलेला, आठवड्यातून चार वेळा चालायला जाणारा आणि मुलांना शाळेत सोडणारा माणूस. याच्या गुडघ्याला बाहेरची पट्टी बांधायची असेल, तर बांधणाऱ्याने कारण द्यावं.

यावर शेवटचा प्रश्न नेहमी येतो तो असा: बांधली तर बिघडतं काय? विम्याची मानसिकता म्हणा. आतलं-बाहेरचं एकत्र केलेल्यांचे गुडघे सडले नाहीत, चीर बोटभर, मग घालून टाकावी. तीन महिन्यांचं जादा दुखणं मी वर सांगितलं आहेच. पण याहून ठोस उत्तर आहे. आयटी बँडमधली ती चांगली, जाड पट्टी एकदाच सहज मिळते. पहिल्याच ऑपरेशनात गरज नसताना ती वापरली आणि काही वर्षांनी अपघाताने दोरी पुन्हा तुटली, तर बाहेरचा आधार जिथे सर्वांत जास्त हवा, त्या दुसऱ्या ऑपरेशनात सर्जनला वणाने चिकटलेल्या, एकदा कापलेल्या पट्ट्यातून वाट काढावी लागते, नाहीतर दुसरी कंडरा शोधावी लागते, आणि हाडात जुन्या स्टेपलची जागा आधीच अडलेली असते.